घोड्याची खोड की घोड्याचं दुखणं?

बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवर दोम्मसंद्र ओलांडलं की नव्या इमारतींच्या फटींतून अजून शेतं दिसतात. तिथल्या एका तबेल्यात माझी मुलगी घोडेस्वारी शिकते. तिथली एक तपकिरी घोडी फार बदनाम होती. खोगिराचा तंग आवळायला घेतला की तिचे कान मागे चिकटायचे, शेपटी सपसप फटकारायची आणि तिसऱ्या भोकाला दात दंडाकडे यायचे. 'चावरी आहे,' म्हणून कुणीतरी नाकावर चापट द्यायचं. दुसऱ्या दिवशी कान आणखी लवकर मागे.

आपल्याकडे याला खोड म्हणतात. सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारात गिऱ्हाईक गळ्यावरचा शुभ मानलेला देवमण भोवरा बघतं, चारही पाय आणि तोंडावर पांढरं असलेलं पंचकल्याणी जनावर शोधतं आणि खोड दिसली की भाव पाडतं. खोड जन्माची, ती जायची नाही, असं धरूनच व्यवहार होतो. मला हा समज घोड्यावर फार अन्याय करणारा वाटतो. घोडा दुसऱ्यांची शिकार होणारा प्राणी, त्यामुळे दुखणं लपवण्याकडे त्याचा कल असतो. आधी तो कानांनी सांगतो, मग शेपटीने. कुणी ऐकलं नाही की दातांनी.

एका रविवारी जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी घोडीच्या पाठकण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत नेली. खोगिराच्या पुढच्या कडेखाली येताच पाठ एकदम खाली दबली. मग जबडा उघडून आत हात घातला. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि झिजत राहतात. झीज सारखी नसली की वरच्या दाढांची बाहेरची कड धारदार होऊन गालाला कापते. कानस फिरली, खोगीर बदललं. पण दुखणं तेवढंच नव्हतं. घोडी रेसकोर्सवरून आलेली. असे घोडे कोवळ्या वयात पळायला शिकतात आणि दिवसाचा बराच वेळ खोलीत एकटे काढतात.

एकटेपणाचं आणि चाऱ्याचं दुखणं याहून खोल. मोकळा घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास चरतो. त्याच्या जठरात आम्ल सतत पाझरतं, पण ते शमवणारी लाळ फक्त चावताना सुटते. दोन वेळा चंदीचा तोबरा आणि मधे रिकामी गव्हाण म्हणजे पोटात जळजळ. मग घोडा लाकडाची कड दातांत धरतो, मान ताणतो आणि घुरकून हवा ओढतो. कुणी दारात उभ्या उभ्या डोलतो. गळ्याला पट्टा आवळून हे बंद करतात. पोट मात्र तसंच जळत राहतं. साडेचारशे किलोच्या घोड्याला रोज किमान सात किलो तरी कोरडा चारा हवा, थोडा थोडा, दिवसभर. आणि शेजारी दुसरा घोडा.

बुजण्याचं निराळं. घोड्याला जवळजवळ सभोवार दिसतं, पण नेमकं मागचं आणि नाकासमोरचं नाही. पाण्याचा टँकर मागून हॉर्न देत आला तर तो दचकणारच. स्वाराची भीतीही खरी आहे. बेंगळुरू ज्यांची जहागीर होती ते शहाजीराजे १६६४ साली होदिगेरेजवळ शिकारीत घोड्यावरून पडूनच गेले. तरीही बुजऱ्या घोड्याला फटका मारू नये. भीतीला वेदना जोडली की तीच त्याच्या लक्षात राहते.

त्याला शिकवतो तो दाब सुटण्याचा क्षण. टाच लावली, घोडा चालला, त्याच क्षणी टाच सैल झाली तर त्याला कळतं. टाच लावतच राहिलात तर अंग बधिर होतं आणि आपण त्याला अडेलतट्टू ठरवतो. घोडा उधळताच स्वार घाबरून उतरला, तर उधळलं की ओझं जातं, हेही तो तितक्याच चटकन शिकतो. नव्या शिकाऊ मुलांच्या हाताखाली घोडे बिघडतात ते यामुळेच, आणि याचा दोष मी मुलांना देत नाही. शिकवणाऱ्याने आधी हे सांगायला हवं.

तपकिरी घोडीचे कान आजही कधी कधी मागे जातात. वर्षाची सवय एका आठवड्यात सुटत नाही. तिला आता सकाळी दुसऱ्या एका घोड्यासोबत मैदानात सोडतात. मुलगी तंग एक भोक आवळते, घोडीला चार पावलं चालवते, थांबते. घोडी मान खाली घालून जीभ फिरवते. मग दुसरं भोक.