मॉड्यूल ठेवावयाची जागा

पेण येथील गणपतीच्या कारखान्यांत साचे कोठें ठेविलेले असतात हें कारागिरांस पाठ असतें. उद्यां मालकानें एखादा नवा साचा आणून नेहमींच्या खोलीऐवजीं माळ्यावर ठेविला आणि तें कोणासच सांगितलें नाहीं, तर साचा घरांत असूनहि मूर्ति घडणार नाहीं. संगणकावर मॉड्यूल वेगळ्या फोल्डरांत ठेवणाराची फसगत बहुधा अशीच होते.

मॉड्यूल म्हणजे एखाद्या कामाच्या तयार आज्ञांचा संच. मायक्रोसॉफ्टनें २००६ सालीं पॉवरशेल ही आज्ञाभाषा बाहेर आणिली. तिच्यासाठीं असे पुष्कळ संच विनामूल्य मिळतात. ‘इम्पोर्टएक्सेल’ हा त्यांतलाच एक. त्याच्या योगानें, एक्सेल बसविलेलें नसतांहि, एक्सेलचे तक्ते वाचतां-लिहितां येतात.

आतां पेणहून रेल्वेनें रोह्यास येऊं. तेथील धाटावच्या औद्योगिक वसाहतींत रासायनिक कारखाने आहेत. अशा एखाद्या कारखान्याच्या भांडारांत एक संगणक आहे, त्यास इंटरनेट जोडलेलें नाहीं आणि त्याचे सर्वाधिकार कारकुनाच्या हातीं नाहींत, असें समजावें. महिनाअखेरचा साठ्याचा तक्ता तर वेळेवर हवा! ‘इन्स्टॉल-मॉड्यूल’ ही नेहमींची आज्ञा येथें निरुपयोगी. नेहमींच्या रीतीनें ती इंटरनेटवांचून चालत नाहीं. आणि एरवींहि ती दोनच जागा जाणते: एक सर्वांसाठींची, जिला सर्वाधिकार लागतात, व दुसरी वापरणाराची खाजगी. तिसरी जागा सांगण्याची सोय तिच्यांत नाहीं.

ती सोय ‘सेव्ह-मॉड्यूल’ या आज्ञेंत आहे. इंटरनेट असलेल्या दुसऱ्या संगणकावर ही आज्ञा द्यावी, मॉड्यूलाचें नांव लिहावें आणि ‘-पाथ’ या खुणेपुढें आपल्या फोल्डरचा पत्ता घालावा. मॉड्यूल, व तें ज्या इतर मॉड्यूलांवर अवलंबून असेल तींहि, त्या फोल्डरांत उतरतात. मग तो फोल्डर पेनड्राइव्हवरून भांडारांतील संगणकावर आणून ‘साचे’ या नांवानें ठेवावा.

येथवर निम्मेंच काम झालें. पॉवरशेल मॉड्यूल आपण होऊन शोधते तें ‘पीएसमॉड्यूलपाथ’ नांवाच्या यादींतील फोल्डरांतच. त्या यादीच्या शेवटीं अर्धविराम देऊन ‘साचे’चा पत्ता जोडला पाहिजे. पत्ता बाहेरच्या फोल्डरचा द्यावा, आंतील ‘इम्पोर्टएक्सेल’चा नव्हे, पुष्कळांचें गाडें येथेंच अडतें. शिवाय चालू खिडकींत केलेला हा बदल ती खिडकी मिटतांच नाहींसा होतो. तो टिकावयाचा तर आरंभीं आपोआप वाचल्या जाणाऱ्या ‘प्रोफाइल’ फाइलींत ती ओळ लिहून ठेवावी. नंतर ‘गेट-मॉड्यूल’ला ‘-लिस्टअव्हेलेबल’ जोडून विचारावें. उत्तरांत नांव दिसलें कीं मॉड्यूल सांपडलें.

सर्वाधिकार नसतांहि हें साधतें, म्हणून तें गुपचूप करावें असें मात्र नाहीं. ज्याला या फोल्डरांत लिहितां येतें, त्याला मॉड्यूलाच्या नांवाखालीं तेथें वाटेल त्या आज्ञा दडवितां येतात, आणि संगणक त्या बिचाऱ्या कारकुनाच्या अधिकारानें पाळतो. यासाठीं संगणक-विभागास आधीं कळवावें, मॉड्यूल तपासून घ्यावें आणि एकदां तें जागीं बसलें कीं त्या फोल्डरांत लिहिण्याची मुभा काढून घ्यावी. नित्याच्या कामास वाचण्याची मुभा पुरते.