अण्णांचं घड्याळ

"सूनबाई, मला नापास करायलाच नेलं होतंस ना?" दवाखान्यातून परतताना रिक्षात अण्णा म्हणाले, आणि मला काय बोलावं ते सुचेना.

माझे सासरे गणिताचे निवृत्त शिक्षक. सहा वर्षांपूर्वी त्यांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स असल्याचं कळलं. हाताची थरथर, घासत पडणारी पावलं, मुंगीएवढं झालेलं अक्षर, या सगळ्याची आम्ही सवय करून घेतली. पण मग लाइट बिल दोनदा भरलं गेलं, गोळ्यांच्या वेळा चुकू लागल्या. चहाला आधण ठेवलं की पुढे काय, तेच सुचेना. "मुद्दाम करतात," असं मी चिडून म्हणालेसुद्धा. सासूबाई मात्र झाकून न्यायच्या. अण्णांना काही विचारलं की उत्तर त्याच द्यायच्या.

१८१७ साली जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरांनी या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा बुद्धीला धक्का लागत नाही असंच त्यांना वाटलं होतं. आता कळलंय की सगळ्यांना नाही, पण बऱ्याच जणांना पुढे विचारशक्तीचा त्रास होतो. गंमत म्हणजे, त्यात आधी विसराळूपणाच दिसेल असं नाही. लक्ष लागणं, कामाचा क्रम लावणं, अंतराचा अंदाज, हे आधी बिघडू शकतं. नावं-तारखा बिनचूक सांगतात, म्हणून घरच्यांना वाटतं, सगळं ठीक आहे!

डॉक्टरांनी जी चाचणी घेतली तिला 'मोका' म्हणतात. २००५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ३० गुण, दहा-एक मिनिटं, आणि मराठीतही आहे. पाच शब्द ऐकून थोड्या वेळाने सांगायचे, शंभरातून सात-सात वजा करत जायचं, घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची. सासूबाई हळूच एक शब्द कुजबुजल्या, तेव्हा डॉक्टरांनी हसत आम्हा दोघींना बाहेर बसवलं.

वजाबाकी अण्णांनी झरझर केली. घड्याळाचे आकडे मात्र सगळे एकाच बाजूला दाटले होते. गुण २१. साधारण २६ च्या खाली आले तर पुढे तपासावं लागतं. शिक्षण कमी असेल तर एक गुण वाढवून देतात, लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी वेगळी चाचणी आहे.

"ही चाळणी आहे, निदान नव्हे," डॉक्टर म्हणाले. मग बी-१२, थायरॉइड तपासलं, मन उदास असतं का ते विचारलं. थरथरीसाठीची एक जुनी गोळीही डोकं मंद करू शकते, ती त्यांनी हळूहळू कमी केली. (आपल्या मनाने कुठलीच गोळी बंद करू नका हं, ते धोक्याचं असतं.) विचारशक्तीसाठीही औषधं आहेत. ती आजार मुळापासून घालवत नाहीत, पण काहींना त्यांचा उपयोग होतो.

मैत्रिणींनो, घरात कंपवाताचं माणूस असेल तर वर्षातून एकदा ही तपासणी करायला डॉक्टरांना सांगा. गोळीचा असर असतानाची वेळ घ्या. चष्मा, कानाचं यंत्र विसरू नका. घरी सराव करून घेऊ नका, त्याने गुण वाढतात, माणूस नाही. नसलेली माणसं किंवा प्राणी दिसतात असं ते म्हणाले, तर हसण्यावारी न नेता डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि गोळ्या, बँक, गॅस यांत कुठे मदत हवी, ते त्यांना विचारूनच ठरवा.

त्या दिवशी रिक्षात मी अण्णांना म्हटलं, "नापास तुम्ही नाही, मी झाले. उगाच चिडत होते तुमच्यावर." ते काही बोलले नाहीत. पण घरी आल्यावर गोळ्यांची डबी स्वतःहून माझ्यासमोर ठेवली. आता ती रविवारी आम्ही दोघं मिळून भरतो. आणि अण्णांना कुणी काही विचारलं की सासूबाई मनात वीसपर्यंत आकडे मोजतात. बहुतेक वेळा पंधराच्या आत अण्णांचं उत्तर येतं.