नावच जेव्हा बाजारात विकलं जातं

इंग्रजीतला 'स्लेव्ह', म्हणजे गुलाम, हा शब्द चिखलीतल्या शाळकरी पोरालाही पाठ असतो. पण या शब्दाच्या पोटात एक अख्खा लोकसमूह आहे: पूर्व युरोपातले स्लाव.

नवव्या-दहाव्या शतकात त्यांचं नाव गुलामीशी जोडलं जाऊ लागलं. ख्रिस्ती माणसाला परधर्मीयांच्या हाती विकायला चर्चची मनाई होती आणि मुसलमानाला गुलाम करायला इस्लामी कायद्याची. स्लाव तेव्हा बहुतांशी ना इकडचे होते ना तिकडचे, म्हणून दोन्ही बाजूंच्या व्यापाऱ्यांचा डोळा त्यांच्यावर गेला. प्रागच्या बाजारातून, व्हेनिसच्या गलबतांतून, व्होल्गा नदीच्या वाटेनं ही माणसं पार बगदाद आणि कॉर्डोव्हापर्यंत विकली गेली. इतकी, की लॅटिनमधल्या 'स्क्लावुस' म्हणजे 'स्लाव माणूस' या शब्दाचा अर्थच गुलाम होऊन बसला. जर्मन 'स्क्लावे', फ्रेंच 'एस्क्लाव', इटालियन 'स्क्याव्हो' सगळे त्यातूनच निघाले. व्हेनिसचे लोक 'मी आपला दास' असं अदबीनं म्हणत. त्यातला दासासाठीचा शब्द झिजत झिजत 'चाव' झाला. आज जगभर निरोप घेताना जो शब्द हसत उच्चारतात, त्याचं मूळ हे! आणि थक्क करणारी गोष्ट अशी की अनेक अभ्यासक 'स्लाव' हे नाव 'स्लोवो' म्हणजे 'शब्द' याच्याशी जोडतात. स्वतःला 'बोलणारे लोक' म्हणवणाऱ्यांच्या नावाचं हे असं झालं.

गुलामांचा असाच एक ओघ अरबी समुद्र ओलांडून दख्खनेत आला. सोळाव्या शतकात इथियोपियातला चापू नावाचा मुलगा अरबस्तान, बगदाद असा विकला जात अहमदनगरला पोचला. त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगीझखान हा स्वतःही एकेकाळचा हबशी गुलाम. हाच मुलगा पुढे मलिक अंबर झाला. 1610 च्या सुमारास त्यानं खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवलं. 1624 मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजांचा एकत्र पराभव केला. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडचे लखुजी जाधव, जिजाऊंचे वडील, कधी त्याच्या बाजूनं तर कधी मोगलांकडून लढले. हबश म्हणजे इथियोपिया, तिथला तो हबशी. पण मराठीत 'हबशी' म्हणजे गुलाम असा अर्थ काही रुजला नाही. ज्यांच्या हाती तलवार आली, दौलतीची सूत्रं आली, त्यांच्या नावाला जग जपून हात लावतं.

ज्यांच्या हाती जातं आणि मुसळ आलं, त्यांचं काय? पेशवाईच्या कागदांत विकत घेतलेल्या स्त्रीसाठी एक शब्द वारंवार येतो: 'कुणबीण'. किल्ल्यांवर, कोठ्यांत, वाड्यांत दळण-कांडण करणाऱ्या या बाया. कुणाला दुष्काळात पोटासाठी विकलेलं, कुणाला व्यभिचाराच्या आरोपावरून सरकारजमा केलेलं. त्यांच्या खरेदी-विक्रीची रीतसर नोंद होई. सगळ्या काही कुणब्याच्या घरच्या नव्हत्या, तरी नाव सगळ्यांना तेच. चिखलीच्या काळ्या रानात कपाशी वेचणाऱ्या बाईची जी ओळख, तीच शेकडो वर्षांपूर्वी मराठी दप्तरात दासीचं नाव होती. स्लावांच्या नावाचं लॅटिनमध्ये जे झालं, तेच आपल्या बोलीत आपल्याच लेकीबाळींच्या नावाचं झालं. त्यासाठी परका व्यापारी लागला नाही, समुद्रही लागला नाही.

ही नावं ज्यांची होती, त्यांनी मात्र ती टाकली नाहीत. 1991 मध्ये स्लोव्हेनिया आणि 1993 मध्ये स्लोव्हाकिया हे देश स्वतंत्र झाले, ते हेच प्राचीन नाव अभिमानानं मिरवत. आणि आज बुलढाण्याच्या कुठल्याही खेड्यात 'आम्ही कुणबी' असं म्हणणाऱ्या बाईच्या तोंडी त्याचा अर्थ एकच असतो: जमीन कसणारी. बाजारानं नावाला चिकटवलेला अर्थ दप्तरात पडून राहिला. घामानं मिळवलेला अर्थ तिच्यापाशी आहे.