पत्ता चुकलेली पेप्टाइडं

कॅथलॅबमध्ये एक क्षण असा येतो की सगळ्यांच्या माना एकदम मॉनिटरकडे वळतात. वायर गुठळीच्या पलीकडे गेलेली असते, बलून फुगवून सोडलेला असतो आणि डाय मारल्यावर मघापर्यंत मध्येच तुटलेली रक्तवाहिनी टोकापर्यंत काळीभोर उमटते. बाहेर ताटकळलेल्या नातेवाइकांना सांगायचं वाक्य तयार होतं : ‘ब्लॉक उघडला.’ नेमका तेव्हाच ईसीजी वेडावाकडा नाचायला लागतो. उजवी रक्तवाहिनी उघडली असेल तर कधी ठोके मंदावतात, रक्तदाब कोसळतो आणि सिस्टर न सांगता ॲट्रोपिनची सिरिंज पुढे करते. टेबलाभोवतीच्या जुन्या माणसांना याची सवय असते. त्यांच्या लेखी ती रक्त परत आल्याची पावती.

या पावतीवर दंडाची रक्कमही लिहिलेली असते, एवढंच. कोरड्या पडलेल्या पाटात पाणी एकदम सोडलं तर काय होतं ते पाटकऱ्याला विचारावं. पहिला लोंढा पीक भिजवत नाही, बांध फोडतो. हृदयाच्या स्नायूचंही तसंच. रक्त बंद असताना पेशींत आम्ल साठतं आणि गंमत अशी की मायटोकॉन्ड्रियांच्या भिंतीतली काही छिद्रं हे आम्लच बंद ठेवतं. रक्त आलं की आम्ल धुऊन जातं, ऑक्सिजन आणि कॅल्शियम आत घुसतात, छिद्रं उघडतात आणि पेशीला ऊर्जा पुरवणारी सगळी यंत्रणा बसते. मागोमाग पांढऱ्या पेशी येतात. रक्तवाहिनीच्या अस्तराला चिकटतात, फटींतून आत शिरतात आणि साफसफाई करता करता धडधाकट पेशींनाही झोडपून काढतात. डॉक्टर मंडळी याला ‘रिपरफ्यूजन इंजुरी’ म्हणतात. अटॅकने जे जायचं ते जातंच, वर उपचारानेही थोडं जातं.

हे पहिल्यांदा नीट नोंदवलं रॉबर्ट जेनिंग्ज या पॅथॉलॉजिस्टने, शिकागोत, १९६० साली. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कुत्र्याच्या हृदयाची रक्तवाहिनी काही वेळ बांधून सोडून दिली, तर मेलेल्या स्नायूचं जे रूप दिसायला एरवी बरेच तास लागतात ते फार लवकर दिसलं. तेव्हा अँजिओप्लास्टी नावाचा प्रकारच नव्हता. माणसाच्या हृदयावरची पहिली अँजिओप्लास्टी झ्युरिकमध्ये झाली ती १९७७ साली. उपचार जन्माला येण्याआधीच त्याचा दुष्परिणाम सापडला, असं वैद्यकात सहसा होत नाही.

या संशोधनाची प्रयोगशाळा फारशी देखणी नसते. उंदराचं हृदय बाहेर काढून, काचेच्या नळीला टांगून, कोमट क्षारद्रावणावर धडधडत ठेवायचं. ही युक्ती ऑस्कर लांगेनडोर्फची, १८९५ची, आणि आजही चालू आहे. रक्तपुरवठा कुठवर तोडला होता ते कळण्यासाठी निळा रंग सोडायचा. मग हृदय थोडं गोठवून त्याच्या चकत्या करायच्या आणि टीटीसी नावाच्या रसायनात बुडवायच्या. जिवंत स्नायू विटकरी लाल होतो, मेलेला फिकट राहतो. एवढं झालं की कुणी तरी तासन्‌तास बसून लाल किती, फिकट किती ते मोजत बसतं. हृदय वाचवणाऱ्या औषधांच्या किती तरी बातम्यांचा उगम अशा पाच-दहा चकत्यांच्या फोटोत असतो.

अशाच मोजमापातून १९८६ मध्ये एक चमत्कारिक आकडा बाहेर आला. जेनिंग्ज तोवर ड्यूक विद्यापीठात गेला होता. तिथे चार्ल्स मरी या विद्यार्थ्याने त्याच्या आणि कीथ रायमरच्या हाताखाली कुत्र्यांची रक्तवाहिनी आधी पाच-पाच मिनिटं चार वेळा बंद करून सोडली आणि नंतर सलग ४० मिनिटं बंद ठेवली. एरवी धोक्यातल्या भागाचा सुमारे २९ टक्के स्नायू मरत होता. आधी छळलेल्या हृदयात तो जेमतेम ७ टक्के मेला. म्हणजे हृदयाला स्वतःला वाचवता येतं, फक्त त्याला आधी चाहूल लागायला हवी. पण अटॅक काय चिठ्ठी पाठवून येतो? २००३ मध्ये अटलांटातल्या एमरी विद्यापीठात पाटकऱ्याचाच उपाय करून बघितला : रक्त सोडताना ३० सेकंद चालू, ३० सेकंद बंद, असं तीनदा. कुत्र्यांमध्ये जवळजवळ तेवढाच फायदा झाला. मग ओघाने प्रश्न आला, हे सगळं एका इंजेक्शनात नाही का बसवता येणार?

पांढऱ्या पेशींची ती झोडपाझोडप म्हणजे दाह. तो आवरायचा तर स्टिरॉइड हाताशी होतीच. पण ती दाह सरसकट दाबतात, आणि हृदयावरची जखम भरून यायलाही दाह लागतो. जखम कच्ची राहिली तर हृदयाची भिंत फाटेल, ही भीती सत्तरच्या दशकापासून डॉक्टरांच्या मनात बसली. म्हणून नजर पेप्टाइडांकडे वळली. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी माळ. मोठी झाली की तिला प्रथिन म्हणायचं. माळ छोटी असल्याने ती एखादं नेमकं कुलूप तेवढं अडवेल, अशी आशा. लंडनमधल्या एका गटाने तर स्टिरॉइडच्या सांगण्यावरून शरीर जे प्रथिन बनवतं, त्या ॲनेक्सिनच्या टोकाचा २५ मण्यांचा तुकडा घेऊन उंदराची हृदयं वाचवून दाखवली. पण खरे किस्से आहेत ते माणसांपर्यंत पोचलेल्या पेप्टाइडांचे.

पहिलं सायक्लोस्पोरिन, ११ अमिनो आम्लांचं गोल कडं. बाझेलच्या सँडोझ कंपनीत तेव्हा रिवाज होता की सुट्टीवर जाणाऱ्याने प्लास्टिकच्या पिशव्या न्यायच्या आणि जिथे जाल तिथली चिमूटभर माती आणायची. १९६९ मध्ये एका कर्मचाऱ्याने नॉर्वेतल्या हार्डांगरविड्डा पठारावरची माती आणली. तिच्यात एक बुरशी निघाली आणि त्या बुरशीतून हे कडं. हवं होतं बुरशी मारणारं औषध, पण त्या कामात ते सुमार ठरलं. १९७२ मध्ये मात्र असं दिसलं की ते प्रतिकारशक्तीला लगाम घालतं. पुढे ते पोटातून शोषलं जातं का हा प्रश्न अडला, तेव्हा जाँ-फ्रान्स्वा बोरेल या संशोधकाने ते अल्कोहोलमध्ये विरघळवून स्वतःच पिऊन टाकलं. किंचित चढली, पण औषध रक्तात सापडलं. केंब्रिजमध्ये अडचण वेगळीच होती, उंदरांना ते द्यायचं कशात? अल्किस कोस्ताकिस हा ग्रीक डॉक्टर तिथे रॉय कॅल्न यांच्या गटात उंदरांवर हृदय प्रत्यारोपण करत होता. इंग्लंडात पोराच्या खाण्याचे हाल होतील म्हणून आईने दिलेलं ऑलिव्ह तेल त्याच्याजवळ होतं. त्याने औषध त्या तेलात विरघळवलं आणि दुसऱ्याची हृदयं घेतलेले उंदीर टिकले. नंतर श्रेयावरून जुंपली ती जुंपलीच. बोरेलचे वरिष्ठ हार्टमान श्टेहेलिन यांनी १९९६ मध्ये लेख लिहून आपली बाजू मांडली. मातीची पिशवी आणणाऱ्याचं नाव त्या भांडणातही फारसं कुणी घेतलं नाही.

प्रत्यारोपणाचा इतिहास बदलून झाल्यावर या कड्याचा आणखी एक गुण कळला. मायटोकॉन्ड्रियाची ती छिद्रं ते बंद ठेवतं. २००८ मध्ये फ्रान्समध्ये क्रिस्तोफ पियो, मिशेल ओव्हिझ आणि सहकाऱ्यांनी ५८ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना रक्तवाहिनी उघडण्याच्या जरा आधी त्याचं एक इंजेक्शन दिलं आणि स्नायूची हानी मोजणाऱ्या रक्ततपासणीत सुमारे ४० टक्क्यांची घट दिसली. मग मोठी चाचणी निघाली. ट्रायलची नावं ठेवणं हा हृदयरोगतज्ज्ञांचा जुना छंद. हिचं नाव होतं ‘सर्कस’. ९७० रुग्ण झाले आणि २०१५ मध्ये पडदा उघडला. वर्षभरात दगावणं, हार्ट फेल्युअर बळावणं, हृदय फुगत जाणं, यांपैकी काहीतरी झालेले रुग्ण औषध घेणाऱ्यांत ५९.० टक्के, न घेणाऱ्यांत ५८.१. सर्कशीत कुणी टाळी वाजवली नाही.

दुसरा किस्सा व्हिएन्नाचा, आणि त्यातला नायक हृदयरोगतज्ज्ञ नाही, त्वचारोगवाला आहे. पीटर पेट्झेलबाउअर रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा अभ्यास करत होता. गुठळी तुटताना फायब्रिनचे जे तुकडे पडतात, त्यांचा हात धरून पांढऱ्या पेशी अस्तराच्या सांध्यांतून आत शिरतात, हे त्याच्या गटाला उमगलं. त्याच फायब्रिनमधला २८ अमिनो आम्लांचा एक छोटा तुकडा मात्र सांध्याची जागा आधीच अडवून बसतो आणि वाट बंद करतो. घराचं कुलूप घराच्याच भंगारातून निघावं, तसं. २००५ मध्ये शोधनिबंध आला, प्राण्यांची हृदयं वाचली आणि तुकड्याला नाव मिळालं एफएक्स-०६. चाचणीचं नाव काय असावं? ‘फायर’. २३४ रुग्णांना रक्तवाहिनी उघडताना औषधाचं किंवा लुटुपुटीचं इंजेक्शन दिलं. पाच-सात दिवसांनी एमआरआय काढले. अटॅकचा एकूण आकार ठरवल्याप्रमाणे मोजला तर फरक पक्का म्हणावा असा नव्हता. मधला पूर्ण मेलेला गाभा तेवढा मोजला तर तो औषध घेणाऱ्यांत ५८ टक्क्यांनी लहान. आता यातलं काय धरायचं? चाचणी सुरू होण्याआधी जे मोजू म्हणून लिहून दिलेलं असतं तेच धरायचं, हा शिरस्ता आहे, आणि तो बरोबरच आहे. तरी त्या गाभ्याच्या आकड्याकडे बघताना व्हिएन्नात काय वाटलं असेल, याची कल्पना परीक्षेत एका मार्काने राहिलेल्या कुणालाही करता येईल.

हे औषध मागे पडलं असं वाटत असताना २०१४ मध्ये सिएरा लिओनमध्ये काम करताना इबोला झालेल्या एका डॉक्टरला फ्रँकफुर्टच्या विद्यापीठ रुग्णालयात आणलं गेलं. इबोलात रक्तवाहिन्या चाळणीसारख्या गळायला लागतात. त्याची फुप्फुसं पाण्याने भरली होती, मूत्रपिंडं थकली होती. मान्यता मिळालेला इलाज तेव्हा जगात नव्हता. गळती अस्तराच्या सांध्यांतूनच होते हे ध्यानात घेऊन तिथल्या डॉक्टरांनी खास परवानगीने एफएक्स-०६ दिलं. रुग्ण वाचला. एका माणसावरून औषधाची लायकी ठरत नाही. त्याला व्हेंटिलेटरपासून डायलिसिसपर्यंत सगळंच मिळत होतं. पण हृदयासाठी निघालेलं पेप्टाइड इबोलाच्या कक्षात शिरलं, हे खरं.

उंदरात जमतं आणि माणसात का जमत नाही, यावर संशोधक मंडळींच्या चहाच्या गप्पा कधी संपत नाहीत. प्रयोगशाळेतलं जनावर तरुण, धडधाकट, त्याची एकच रक्तवाहिनी बांधलेली आणि तीही घड्याळ लावून. आपला रुग्ण साठीचा, मधुमेही, बीपीच्या गोळ्या घेणारा. छातीत दुखायला लागल्यावर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून दोन तास सोडा पीत बसलेला. तो टेबलावर येईपर्यंत वाचवण्यासारखा स्नायू किती उरलेला असतो? शिवाय शिरेतून दिलेलं औषध बंद रक्तवाहिनीच्या पलीकडे पोचणार कसं, आणि पोचेल तेव्हा लोंढा आधीच गेलेला नसेल कशावरून? मला स्वतःला दोष औषधांपेक्षा घड्याळाचा जास्त वाटतो.

तिसरं पेप्टाइड फक्त चार मण्यांचं, एसएस-३१. एक एस न्यूयॉर्कच्या हेझेल सेटो यांचा, दुसरा माँट्रियलच्या पीटर शिलर यांचा. दोघं अफूच्या जातीच्या वेदनाशामक पेप्टाइडांवर काम करत होते. त्यांतलं एक भलतीकडेच, मायटोकॉन्ड्रियात जाऊन बसतं असं दिसलं. तिथे ते कार्डिओलिपिन नावाच्या स्निग्ध पदार्थाला धरून आतली पटलं सावरतं. अर्थातच तेही अटॅकच्या रुग्णांपर्यंत गेलं. ‘एम्ब्रेस’ नावाच्या चाचणीत २९७ जण, २०१६ मध्ये निकाल, फरक नाही. मग बार्थ सिंड्रोम या दुर्मीळ आनुवंशिक आजाराकडे मोर्चा वळला. यात कार्डिओलिपिनच बिघडलेलं असतं. मुलग्यांना होतो, लहानपणापासून हृदय आणि अंगातले स्नायू दुबळे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्यासाठी या औषधाला मान्यता दिली, एलामिप्रेटाइड या नावाने. ती हृदयाच्या मोजमापावर मिळाली नाही. रुग्णांना गुडघा जास्त जोर लावून सरळ करता येऊ लागला, त्यावर मिळाली.