कुलूप जुने, किल्ल्या नव्या

१९५० सालची गोष्ट. अमेरिकेत बर्लिंग्टन आणि लिंडेमन या दोन शास्त्रज्ञांनी कोंबड्याच्या नर पिलांना दोन-तीन महिने रोज डीडीटी टोचले. पिले जगली, वाढली. पण त्यांना कोंबड्याची कळा काही आली नाही. तुरा खुरटलेला आणि फिकट, अंडकोष अगदीच लहान. कीटक मारणाऱ्या औषधाने नर पिलांचे नरपण का दबावे? त्या दोघांनी तेव्हाच नोंदवून ठेवले की डीडीटीच्या रेणूची ठेवण एका कृत्रिम स्त्री-हार्मोनसारखी आहे, आणि हा परिणाम त्यामुळे असावा.

दवाखान्यात तान्ही मुले घेऊन येणाऱ्या आया मला नेहमी विचारतात, "डॉक्टर, प्लास्टिकच्या बाटलीने खरंच काही होतं का हो?" याचे उत्तर या कोंबड्यांपाशीच सुरू होते.

हार्मोन म्हणजे ग्रंथींनी रक्तातून धाडलेला निरोप. रक्ताबरोबर तो अंगभर फिरतो, पण वाचला जातो तो फक्त ज्या पेशींत त्याला धरणारा रिसेप्टर असतो तिथेच. (परिभाषा कोशात याला 'ग्राही' म्हणतात. आपण रिसेप्टरच म्हणू.) रिसेप्टर हे एक प्रथिन आहे आणि त्यात एक पोकळी असते. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन त्या पोकळीत बसले की प्रथिनाचा आकार बदलतो आणि पेशीतील ठराविक जनुके कामाला लागतात. आम्हाला कॉलेजात हे कुलूप-किल्लीच्या उदाहरणाने शिकवले जाई. उदाहरण चांगले आहे, पण हे कुलूप वाटते तितके काटेकोर नाही. १९९७ मध्ये इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरची नेमकी रचना समजली, तेव्हा दिसले की त्यातील पोकळी हार्मोनच्या जवळजवळ दुप्पट आहे! पकड मुख्यतः रेणूच्या एका टोकाला, म्हणजे कार्बनच्या एका सपाट कड्याला आणि त्यावरील ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीला. बाकीचा रेणू बराच सैल बसतो. थोडक्यात, दारावरचा राखणदार फक्त टोपी पाहून माणसाला आत सोडतो.

असा ढिसाळ राखणदार निसर्गाने का नेमला? याचा शोध अमेरिकेतील जोसेफ थॉर्नटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. हे गृहस्थ पूर्वी पर्यावरण चळवळीत क्लोरीनयुक्त रसायनांविरुद्ध काम करीत, नंतर संशोधनाकडे वळले. आजच्या वेगवेगळ्या प्राण्यांतील रिसेप्टर ताडून पाहून त्यांनी त्या सर्वांच्या मूळ पूर्वजाचा रिसेप्टर कसा असेल ते गणिताने काढले आणि तो प्रयोगशाळेत प्रत्यक्ष तयार केला. २००३ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा तो पूर्वज इस्ट्रोजेनलाच दाद देत होता. पुरुष-हार्मोनचे, प्रोजेस्टेरॉनचे आणि कॉर्टिसोलचे रिसेप्टर हे सगळे त्याच घराण्यातले.

२०१२ मधील त्यांच्या पुढच्या अभ्यासात सैलपणाचा उलगडा झाला. त्या काळी प्राण्याच्या शरीरात जी मोजकी हार्मोन्स फिरत होती, त्यांतून आपले ओळखता आले की रिसेप्टरचे काम भागत होते. त्यासाठी टोपी पाहणे पुरेसे होते. जे रेणू जगात नव्हतेच, त्यांना अडवायची व्यवस्था कशाला होईल? झाडापाल्यातून थोडा त्रास होई, नाही असे नाही. १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात एका जातीचे क्लोव्हर गवत खाऊन मेंढ्या वांझ होऊ लागल्या होत्या. पण कारखान्यातून टनावारी नव्या टोप्या निघू लागल्या त्या विसाव्या शतकात.

त्यातली सर्वांत दुःखद हकिकत डीईएस या औषधाची. लंडनच्या चार्ल्स डॉड्स यांनी १९३८ मध्ये ते शोधले. गर्भपात टळावा म्हणून अमेरिकेत लक्षावधी गर्भवतींना ते देण्यात आले. त्याचा तसा काही उपयोग नाही हे १९५३ मध्ये शिकागोच्या चाचणीत दिसून आले, तरी डॉक्टर ते लिहून देतच राहिले. मला याचा संताप येतो. १९७१ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी आठ तरुण मुलींच्या योनिमार्गातील दुर्मिळ कॅन्सरची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी सात जणींच्या आयांनी गरोदरपणी डीईएस घेतले होते. हा कॅन्सर आईला नव्हे, पोटातल्या लेकीला झाला, आणि तेही सुमारे वीस वर्षांनी.

याच डॉड्स यांनी १९३६ मध्ये आणखी एक रसायन इस्ट्रोजेनसारखे वागते हे दाखवले होते. ते बिस्फेनॉल-ए. औषध म्हणून ते मागे पडले, पण पुढे त्यापासून काचेसारखे पारदर्शक, कडक पॉलिकार्बोनेट प्लास्टिक बनू लागले. दूध पाजायच्या बाटल्या त्याच्याच होत्या. गरम पाण्याने किंवा उकळण्याने त्यातून हे रसायन थोडे थोडे सुटते.

मात्र घाबरून जाऊ नये. खऱ्या हार्मोनच्या मानाने बिस्फेनॉलची पकड हजारो पटींनी कमजोर आहे, आणि मोठ्या माणसाच्या शरीरातून ते बहुतेक सगळे एका दिवसात लघवीवाटे निघून जाते. रोजच्या अल्प मात्रेने काय होते यावर तज्ज्ञांत एकमत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये त्याची सुरक्षित मर्यादा वीस हजार पटींनी खाली आणली. जर्मनीच्या तज्ज्ञ संस्थेला ते पटले नाही. माझे मत विचाराल तर गर्भवती आणि तान्ही मुले यांच्या बाबतीत वाद मिटायची वाट पाहू नये.

आपल्याकडे २०१५ च्या भारतीय मानकानुसार दुधाच्या बाटलीत बिस्फेनॉल-ए चालत नाही. पण जुनी, भावंडांची वापरून ठेवलेली बाटली माळ्यावर असेल तर ती काढू नका. बाळाला वरचे द्यायचेच असेल तर स्टीलची वाटी आणि चमचा घ्या. जंतूंच्या दृष्टीनेही तेच बरे. ऊन वरण, चहा किंवा गरम तेल प्लास्टिकच्या डब्यात ओतू नका, आधी निवू द्या. दुकानात आणि बँकेच्या यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्यांच्या कागदावरही पुष्कळदा हे रसायन असते. त्या मुलांच्या हाती खेळायला नकोत.

शेतकरी कुटुंबांना एक वेगळे सांगणे. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा कितीही घासला तरी त्यात पाणी, तेल किंवा बियाणे ठेवू नये. तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे आणि डब्याला भोके पाडून तो निकामी करावा. चुलीत तर मुळीच घालू नये.