छापण्याआधीचं विज्ञान

न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला, लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर कोल्ड स्प्रिंग हार्बर ही जीवशास्त्राची प्रयोगशाळा आहे. 1933 पासून तिथे परिसंवाद भरतात. वॉटसन यांनी 1953 च्या जूनमध्ये डीएनएची दुहेरी सर्पिल रचना मांडली तीही इथेच. हा इतिहास कुठेही वाचायला मिळतो. संपादकांनी मला पाठवलं होतं ते छोट्या आरएनएवरच्या सभेसाठी.

नोंदणी झाली की हातात सारांशांची पुस्तिका पडते. त्यातला मजकूर खासगी संवाद समजावा, लेखकाच्या संमतीशिवाय त्याचा हवाला देऊ नये, अशी ताकीद तिच्यात आधीच छापलेली असते. बातमीदारालाही वक्त्याची परवानगी घ्यावी लागते. मला ही अट सुरुवातीला जाचक वाटली, पण सभागृहात बसल्यावर तिचं मोल कळलं. अजून कुठेही न छापलेले आलेख लोक इथे मोकळेपणाने पडद्यावर दाखवतात. न जमलेले प्रयोगही सांगतात.

या विषयाचा जन्मच अशा देवाणघेवाणीतून झाला. व्हिक्टर अँब्रॉस आणि गॅरी रुवकुन हे एमआयटीत एकाच गुरूकडे काम केलेले दोघे, जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीवर संशोधन करत होते. एकाकडे लिन-4 जनुक, दुसऱ्याकडे लिन-14. लिन-4 मधून प्रथिन बनतच नव्हतं. बनत होता फक्त 22 अक्षरांचा आरएनएचा तुकडा. 1992 च्या जूनमध्ये दोघांनी आपापल्या अक्षरमाला एकमेकांना कळवल्या आणि ताडून पाहिल्या. लिन-14 च्या संदेशाच्या शेपटीला हा चिमुकला तुकडा जागोजागी जुळत होता. तो चिकटला की त्या संदेशावरून प्रथिन बनणं मंदावतं. 1993 मध्ये दोघांचे निबंध एकाच अंकात आले, पण ही कृमीची लकब असावी म्हणून फारसं कुणी लक्ष दिलं नाही. 2000 मध्ये लेट-7 नावाचा तसाच तुकडा माणसापर्यंतच्या प्राण्यांत सापडला आणि चित्र पालटलं. 2024 मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

व्याख्यानांपेक्षा मी जास्त रमलो पोस्टरांच्या दालनात. तिथे पुण्याहून आलेली एक संशोधक मुलगी भेटली. लिहायला तिची हरकत नव्हती, नाव मात्र नको होतं. अशा छोट्या तुकड्यांना मायक्रो-आरएनए म्हणतात; कर्करोगाचं निदान रक्तातल्या मायक्रो-आरएनएवरून करता येईल का, हा तिचा विषय. हे रेणू प्लाझ्मामध्ये बराच काळ टिकून राहतात, हे 2008 मध्ये दिसलं आणि जगभर आशा पालवली: बायोप्सीऐवजी थोडं रक्त घेतलं की झालं.

तिच्या पोस्टरवर मध्यभागी आलेख नव्हता, रक्ताच्या नळ्यांचा फोटो होता.

"काका, या दोन नळ्यांमध्ये फरक दिसतोय?" तिने विचारलं.

सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर वर आलेला प्लाझ्मा एकीत फिका पिवळा होता. दुसरीत कोकम सरबतात भरपूर पाणी ओतावं तशी गुलाबी झाक होती.

"दुसरीतल्या लाल पेशी फुटल्यात. सुई बारीक असेल, सिरिंज जोरात ओढली असेल किंवा नळी खूप वेळ तशीच पडून राहिली असेल. लाल पेशींमध्ये मिर-451 आणि मिर-16 हे मायक्रो-आरएनए ठासून भरलेले असतात. ते बाहेर सांडले की यंत्राला वाटतं, रुग्णाच्या रक्तात काहीतरी वाढलंय."

म्हणजे ज्याला आजाराची खूण समजायचं, ती रक्त काढणाऱ्या हाताची खूण निघू शकते. डोळ्यांना गुलाबी दिसण्याआधीच आकडे बिघडलेले असतात, म्हणून ती प्रत्येक नमुन्याचं प्रकाशशोषण 414 नॅनोमीटरवर मोजते. हिमोग्लोबिन तिथे पकडलं जातं. शिवाय मिर-451 ची तुलना मिर-23ए शी करते, कारण पेशी फुटल्या तरी हा दुसरा फारसा हलत नाही. हेपॅरिनची नळी चालत नाही, पुढची पीसीआर अडते. जांभळ्या टोपणाची ईडीटीएची नळीच हवी. रक्त गोठू देऊन सीरम घेतलं, तर बिंबिकांमधला मालही त्यात मिसळतो. हे सगळं ती इतक्या आस्थेने सांगत होती की समोरची गर्दी हलेना. एकाच आजारावरच्या दोन निबंधांतल्या मायक्रो-आरएनएंच्या याद्या जुळत का नाहीत, याचं मला पटलेलं पहिलं उत्तर त्या फोटोत होतं. रक्तपेशींबाबतचा असा इशारा 2012 मध्ये छापूनही आला होता. तरी नळी किती वेळ टेबलावर पडून होती, हे आजही अनेक निबंधांत नसतं. पोस्टरपाशी मात्र ते विचारता येतं.

औषधांच्या बाजूला यश नक्कीच आहे. छोट्या आरएनएने नकोशा जनुकाचा संदेश कापणारं पहिलं औषध, पॅटिसिरान, 2018 मध्ये मान्य झालं. कोलेस्टेरॉलसाठीचं इन्क्लिसिरान सुरुवातीच्या मात्रांनंतर वर्षातून दोनदाच टोचावं लागतं. पण ही दोन्ही काम करतात यकृतात. रक्तातून आलेलं बरंच काही यकृत स्वतःच ओढून घेतं. मेंदू, स्नायू, गाठी यांच्यापर्यंत पुरेसा रेणू पोचवणं फार अवघड. आणि मायक्रो-आरएनएची नक्कल करणारं औषध त्याहून कठीण, कारण एक मायक्रो-आरएनए एकाच वेळी कित्येक जनुकांना दाबतो. मिर-34 ची नक्कल कर्करोगाच्या रुग्णांना देऊन पाहिली गेली. प्रतिकारशक्तीच्या तीव्र प्रतिक्रियांनी चार रुग्ण दगावले आणि 2016 मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. त्या चाचणीचा अहवाल निदान छापला तरी गेला. प्रयोगशाळेत नुसत्याच फसलेल्या प्रयोगांवर कुणी निबंध लिहीत नाही. ते कळतात अशा सभांमध्ये, चहाच्या रांगेत, पोस्टरपाशी.

मला काळजी वाटते ती इथेच. ज्या गुप्ततेच्या भरवशावर माणसं चुका सांगतात, तीच गुप्तता त्या चुका सभागृहाबाहेर जाऊ देत नाही. ही मुलगी प्रवास-अनुदान मिळालं म्हणून येऊ शकली. तिच्या शेजारच्या बाकावर काम करणाऱ्या मित्राचा व्हिसा वेळेत आला नाही. तो जी रासायनिक जोडणी महिनोन्‌महिने करून पाहतोय, ती दुसऱ्या एका गटाने फसली म्हणून केव्हाच सोडून दिली आहे, हे तिला इथे जेवताना कळलं. परत गेल्यावर ती त्याला हे सांगू शकते का? त्या गटाच्या प्रमुखांना विचारायला ती उठली. त्यांनी होकार दिला, पण आकडे देता येणार नाहीत म्हणाले. पेटंटचा अर्ज अजून निकाली निघालेला नव्हता.