रंगमंचावरचे पुलं, घरातले पुलं

विनोदी कलावंत प्रत्यक्षात कसा असतो, हे सहसा चाहत्यांना कळतच नाही. पु. ल. देशपांडे (1919–2000) यांच्याबाबतीत मात्र ते घरातूनच लिहिले गेले. 'बटाट्याची चाळ' एकट्याने उभी करणारे, पेटीवर रमणारे खेळकर पुलं महाराष्ट्राला पाठ होते. पत्नी सुनीताबाईंचे 'आहे मनोहर तरी' हे पुस्तक 1990 मध्ये आले आणि त्यात भेटला तो लाडावलेल्या मुलासारखा नवरा. घर, हिशेब, व्यवहार सगळे बायकोवर सोपवून तो निर्धास्त असे. अनेक वाचक दुखावले. पण त्या पुस्तकाने पुलंना लहान केले, असे मला वाटत नाही. आपण त्यांच्याकडे देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखे पाहत होतो, तेवढे थांबले.

रंगमंचावर न दिसणारी आणखी एक बाजू होती, ती म्हणजे ठामपणा. आणीबाणीनंतरच्या 1977 च्या निवडणुकीत या लोकप्रिय लेखकाने जनता पक्षासाठी जाहीर सभा घेतल्या. पुढे 'महाराष्ट्र भूषण' स्वीकारतानाही त्यांनी, पुरस्कार देणाऱ्या युती सरकारच्या काळातल्या ठोकशाहीवर टीका केली आणि शिवसेनाप्रमुखांचा रोष पत्करला. सर्वांना हवाहवासा वाटणारा माणूस सहसा असे करत नाही.

दातृत्व ही तशीच आणखी एक बाजू. पुण्याचे 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र 1986 मध्ये सुरू झाले, तेही पुलं-सुनीताबाईंच्या देणगीतून. दोघांनी मिळून केलेले ते काम आजही चालू आहे.